साडेचार स्टार आणि आजीचा आवाज

(हा आपल्या पॉडकास्टच्या ताज्या भागाचा लेखी मसुदा आहे. बोलताना जसं बोललो, जवळपास तसंच ठेवलंय. थोडी अडखळ आणि दोन-तीन ‘म्हणजे’ काढलेत, बस्स.)

आजचा भाग इअरफोन लावून ऐकत असाल तर जरा थांबा आणि सांगा, तो इअरफोन तुम्ही का घेतला? दुकानात ऐकून घेतला, की स्टार बघून?

मी स्टार बघून घेतला होता. आज त्याचीच गोष्ट सांगणार आहे, कारण त्या स्टारांच्या नादात मी माझ्या आजीचा आवाज बिघडवून बसलो होतो.

झालं असं. माझी आजी सोलापुरात विडी वळायची. एक-दोन नाही, जवळजवळ चाळीस वर्षं. तिच्या हातातली कात्री, तेंदूची पानं, कारखान्यात माल देताना व्हायची ती घासाघीस, हे सगळं तिच्या तोंडून रेकॉर्ड करायचं माझ्या मनात कधीपासून होतं. एका रविवारी दुपारी फोन समोर ठेवला आणि ती दीड तास बोलली. मध्ये एकदा चहा झाला, तेवढाच खंड. एपिसोड चांगला व्हावा म्हणून मी नवे इअरबड्स घेतले. तीन महिने पैसे साठवले होते. आठ दिवस रिव्ह्यू वाचले, व्हिडिओ पाहिले. साडेचार स्टार. सगळीकडे एकच वाक्य होतं: बास एकदम दमदार.

ते इअरबड्स लावून एडिटिंगला बसलो. आजीचा आवाज कानात घुमत होता, घागरीत तोंड घालून बोलल्यासारखा. मला वाटलं, रेकॉर्डिंगच खराब झालंय. मग इक्वलायझर उघडला आणि खालचा आवाज कापत गेलो, कापत गेलो. माझ्या कानाला तो छान, मोकळा लागेपर्यंत कापला. एपिसोड टाकला. आजीच्या मैत्रिणींना व्हॉट्सअ‍ॅपवर लिंक पाठवली.

संध्याकाळी आजीनं फोनच्या स्पीकरवर तो लावला. दोन मिनिटं ऐकलं आणि म्हणाली, “ही मी न्हवं रे. डब्यातनं कोण बोलायलंय हे?”

तिच्या दोन मैत्रिणींनीही तिचा आवाज ओळखला नाही.

मूळ फाइल फोनमध्ये तशीच होती, म्हणून वाचलो. नाहीतर तो आवाज परत मिळाला नसता. मधल्या काळात आजीनं कवळी बसवली आणि तिचं बोलणं बदललं. तिचा ‘स’ आता आधीसारखा येत नाही.

मग रिव्ह्यू खोटे होते का?

नाही ना! गंमत तिथंच आहे. रिव्ह्यूवाले खरं बोलले होते. बास खरंच दमदार होता. पण जो गुण त्यांना गाणी ऐकताना हवा होता, तोच मला एडिटिंग करताना नको होता. बाईमाणसाच्या बोलण्याचा मूळ सूर साधारण २०० हर्ट्झच्या आसपास असतो. माझे इअरबड्स तो खालचा भाग वाढवून ऐकवत होते. मी त्यांची वाढ कापायला गेलो आणि आजीचा आवाज कापला. त्यात फोनचा छोटा स्पीकर खालचे सूर आधीच कमी वाजवतो. म्हणजे एकाच जागी दोनदा कात्री चालली.

तर पहिली गोष्ट ही. रिव्ह्यू वाचताना ‘चांगलं आहे का’ एवढंच विचारू नका. ‘कशासाठी चांगलं आहे’ ते विचारा.

व्हिडिओत ऐकू येतं ते नेमकं काय?

आता आपण सगळे एक चूक करतो. इअरबड्सचा रिव्ह्यू यूट्यूबवर बघतो. समोरचा म्हणतो, ‘ऐका कसा क्लिअर साउंड आहे,’ आणि आपण मान डोलावतो. अरे, पण तो आवाज आपण कशातून ऐकतोय? आपल्याच जुन्या इअरफोनमधून! नवे इअरबड्स कितीही भारी असले तरी ते आपल्या कानापर्यंत जुन्यातूनच येणार. नव्या साडीचा रंग काळा गॉगल लावून बघण्यासारखं आहे हे.

व्हिडिओतून एक गोष्ट थोडीफार कळते, ती म्हणजे माइक. रस्त्यावर उभं राहून माइकची टेस्ट घेतली असेल तर तेवढी जरूर ऐका. दोन माइक एकाच जागी, एकाच आवाजात लावले असतील तर त्यांच्यातला फरक तुमच्या जुन्या इअरफोनमधूनही समजतो.

दुसरी अडचण कानाची. कानात घुसणाऱ्या इअरबडचा बास सगळ्यात जास्त कशावर ठरतो माहितीय? त्या रबराच्या टोपीवर. टोपी कानात नीट बसली, फट राहिली नाही, तर बास येतो. जराशी फट राहिली की बास गायब. म्हणून एकाच वस्तूखाली एक जण लिहितो ‘बास नाहीच’ आणि दुसरा लिहितो ‘बासनं डोकं दुखतं’. दोघंही खरंच बोलत असतात, फक्त दोघांचे कान वेगळे असतात. बॉक्समध्ये लहान, मध्यम, मोठ्या अशा टोप्या येतात ना? आपण त्या तशाच पिशवीत ठेवून देतो. आज घरी गेल्यावर तिन्ही लावून बघा. नवीन काही न घेताच आवाज बदललेला असेल.

तिसरी अडचण गावाची. नॉइज कॅन्सलेशनच्या बहुतेक टेस्ट विमानात, मेट्रोत किंवा एसीच्या खोलीत झालेल्या असतात. तिथला आवाज कसा असतो? जाड, सलग, घुंऽऽ असा. असला आवाज कापायला हे तंत्र एकदम हुशार आहे. बाहेरच्या आवाजाची उलटी लाट तयार करून ते त्याला मारतं. पण आमच्या सोलापुरात या. अशोक चौकाच्या बाजूला यंत्रमागाशेजारी राहणाऱ्या माझ्या मित्राकडे मी तेच इअरबड्स लावून बसलो. पंख्याची घरघर गेली, पण धोट्याची खटाक-खटाक तशीच येत राहिली. अचानक होणारा, टोकदार ठोका त्या तंत्राला तितकासा पकडता येत नाही. तिथं टोपी घट्ट बसण्याचा उपयोग जास्त. आता सांगा, विमानात बसून लिहिलेल्या रिव्ह्यूला यंत्रमाग कसा माहीत असणार?

बरं, मग कानावरच विश्वास ठेवू

थांबा. मीसुद्धा आधी असंच म्हणालो होतो. पण मंडळी, कानपण फसवतो. आणि कानाला फसवतात ते आपलेच डोळे.

१९९४ साली अमेरिकेत फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह या दोन संशोधकांनी एक प्रयोग केला. हे दोघं हर्मन या स्पीकर बनवणाऱ्या कंपनीत काम करायचे. त्यांनी ४० जणांना बसवलं आणि चार स्पीकर ऐकवले. एकदा स्पीकर दिसत असताना, एकदा पडद्यामागून. दिसत होते तेव्हा मोठ्या, महागड्या स्पीकरांना भरघोस मार्क मिळाले आणि छोट्या, स्वस्त संचाला कमी. पडदा ओढल्यावर तो फरक बराच आटला. आणि ही ४० माणसं कोण होती? कंपनीचीच. आवाजाच्या धंद्यातली माणसं जर डोळ्यांनी ऐकत असतील, तर आपलं काय घेऊन बसलात?

मी म्हटलं, आपणपण करून बघू. दिवाळीत सगळी भावंडं जमली होती. तीन ब्लूटूथ स्पीकर गोळा केले: माझा छोटा स्वस्तातला, आतेभावाचा नावाजलेल्या कंपनीचा जडशीळ, आणि शेजारच्या काकांचा. आधी समोर ठेवून ऐकले. आजी सोडून आम्ही चौघांनी आतेभावाच्या स्पीकरला पहिला नंबर दिला.

मग पडदा. सोलापूरकर म्हटल्यावर पहिली चादरच आठवणार! दोरीवर चादर टाकली आणि सगळेच स्पीकर दबल्यासारखे वाजायला लागले. जाड कापड वरचे बारीक सूर गिळून टाकतं. मग आईची जुनी, विरलेली सुती साडी बांधली. ती बरोबर चालली.

आणखी एक काम केलं. तिन्ही स्पीकरचा आवाज सारखा करून घेतला. फोनमध्ये आवाज मोजायचं फुकट अ‍ॅप असतं, ते स्पीकरपासून सारख्याच अंतरावर ठेवून आकडा जुळवला. असल्या अ‍ॅपचा आकडा तंतोतंत नसतो, पण दोन वस्तू एकमेकींशी ताडून बघायला पुरतो.

निकाल काय लागला? साडीमागून आतेभावाचा आणि शेजारच्या काकांचा स्पीकर आम्हाला वेगळे ओळखताच येईनात. माझ्याच्यात बास कमी होता, ते मात्र सगळ्यांना कळलं. पण बोलण्याच्या क्लिपला तिघांनी माझ्याच स्पीकरला पहिलं ठेवलं. पाच जणांचा घरगुती खेळ आहे हा, याला शास्त्र म्हणू नका. पण आतेभावाचा चेहरा बघण्यासारखा होता, एवढं सांगतो.

आवाज मोठा म्हणजे आवाज चांगला?

आवाज सारखा करायची भानगड कशाला, असं वाटलं असेल. तर ऐका. १९३३ साली फ्लेचर आणि मन्सन यांनी दाखवून दिलं की आवाज हळू असताना आपला कान खालचे सूर, म्हणजे बास, फार कमी टिपतो. आवाज वाढवला की तोच बास भरून येतो. म्हणजे तेच गाणं, तोच स्पीकर, फक्त दोन काडी व्हॉल्यूम वाढवलं की आपल्याला वाटतं, वा, काय दमदार आहे!

आता दुकान आठवा. नवी पेठेत असो नाहीतर पुण्या-मुंबईत, दोन स्पीकर लावून दाखवताना महागडा नेहमी जरा जोरात वाजतो का, ते बघा. मुद्दाम करतात असं मी म्हणत नाही. पण व्हॉल्यूम सारखं करायला सांगणं हा तुमचा हक्क आहे. बिनधास्त सांगा.

खोक्यावरचे शब्द

आपल्याकडे मिरवणुकीत स्पीकरची भिंत येते, तिला आपण काय म्हणतो? डॉल्बी. ‘यंदा कुणाची डॉल्बी हाय?’ असं विचारतात. आता हे नाव कुठून आलं बघा. रे डॉल्बी नावाच्या अमेरिकन इंजिनिअरनं १९६५ साली लंडनमध्ये कंपनी काढली आणि ती नावारूपाला आली टेपमधली खरखर कमी करण्याच्या तंत्रामुळे. म्हणजे आवाजातला नकोसा भाग कमी करणाऱ्या माणसाचं नाव आपण छाती हादरवणाऱ्या भिंतीला देऊन टाकलं!

सांगायचं काय, तर नाव एक असतं आणि कानात पडतं ते वेगळं असतं. खोक्यावर ‘डॉल्बी’ आहे, ‘हाय-रेझ’ आहे, ‘१३ एमएम ड्रायव्हर’ आहे, म्हणून आवाज तुमच्या कामाचा असेलच असं नाही. ड्रायव्हर मोठा म्हणजे आवाज चांगला, हे वडा मोठा म्हणजे चव चांगली म्हणण्यासारखं झालं.

आणि किंमत? २०१७ साली येरून ब्रेबार्ट या संशोधकानं २८३ हेडफोन-इअरफोनची मोजमापं आणि त्यांच्या किमती ताडून बघितल्या. कुठला सूर किती वाजतो, याला फ्रिक्वेन्सी रिस्पॉन्स म्हणतात. तो आणि किंमत यांच्यात सांगण्यासारखं नातं सापडलं नाही. पैसे जास्त दिले तर मजबुती मिळेल, आराम मिळेल, चांगला माइक मिळेल. पण गोड आवाज मिळेलच, असं किमतीच्या चिठ्ठीवरून ठरत नाही.

तर रिव्ह्यूतून काय घ्यायचं?

रिव्ह्यू वाचूच नका, असं मी म्हणणार नाही. काही गोष्टी तुमच्या कानाला दहा मिनिटांत कधीच कळणार नाहीत. सहा महिन्यांनी एक बाजू बंद पडते का? केसचं झाकण सैल होतं का? बॅटरी वर्षभरानं किती उरते? आमच्याकडे उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या वर जातो आणि उष्णता बॅटरीची वैरी. तेव्हा उन्हाळा काढलेल्या माणसाचा अनुभव सोन्यासारखा. सर्व्हिस सेंटर आपल्या गावात आहे, की कुरिअरनं पाठवून वीस दिवस वाट बघायची? हे सगळं दुसऱ्याच्या अनुभवातूनच कळतं.

मी आता पाच स्टार आणि एक स्टार दोन्ही बाजूला ठेवतो आणि तीन स्टारवाले वाचतो. पाचवाला खुशीत असतो, एकवाला रागात. तीनवाला बहुतेक वेळा वस्तू वापरून बोलतो.

आणि पैसे घेऊन बोलणारा कसा ओळखायचा? जाहिरात क्षेत्राची स्वतःची नियमन संस्था आहे, एएससीआय. तिनं २०२१ साली इन्फ्लुएन्सरसाठी नियम काढले. पैसे किंवा फुकट वस्तू घेतली असेल तर ती जाहिरात आहे असं ठळक सांगायचं. ऑनलाइन रिव्ह्यू कसे गोळा करावेत आणि कसे दाखवावेत, यासाठी भारतीय मानक ब्युरोचं आयएस १९०००:२०२२ हे मानकही आहे. पण ते ऐच्छिक म्हणून आलं, तेव्हा डोळे उघडे आपणच ठेवायचे. फसवणूक झालीच तर ग्राहक हेल्पलाइन १९१५. नंबर लिहून ठेवा. आणि पक्कं बिल घ्या. बिलाशिवाय पुढं काही हलत नाही.

आणि ऐकायचं कसं?

आपल्या शेजारच्या सांगली जिल्ह्यात मिरज आहे. तिथल्या सतार आणि तानपुऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं. तिथला कारागीर तानपुऱ्याची जवारी लावतो, म्हणजे तार ज्या घोडीवर टेकते तिचा माथा किंचित घासतो, तार छेडतो, ऐकतो, परत घासतो. किती घासायचं ते कान सांगतो. पण तो कान एका दिवसात तयार झालेला नसतो. आवाज कसा असायला हवा, हे त्याला आधीपासून माहीत असतं.

आपल्यालाही तेच करायचंय. ज्याचा खरा आवाज आपल्याला माहीत आहे, तोच आवाज टेस्टला लावायचा. मी फोनमध्ये तीन क्लिप ठेवल्यात, स्वतः रेकॉर्ड केलेल्या.

पहिली, आजीचं बोलणं. रोज कानावर पडणारं माणूस. ते ‘तेच’ वाटतं का, एवढंच बघायचं.

दुसरी, हलगी. काडीचा ठोका तडतडीत, सुटा यायला हवा. ठोक्यांचा चिखल झाला की समजा, बास नुसता फुगवलाय.

तिसरी, लेझीम. गणपतीत आमच्या सोलापूरच्या मंडळांची लेझीम तुम्ही पाहिली असेल. त्या चकत्यांची छनछन वेगवेगळी ऐकू यायला हवी. नुसतं ‘श्शऽ’ असं पाणी पडल्यासारखं वाजलं किंवा कानाला टोचलं, तर वरचे सूर बिघडलेत.

तुमचे तीन आवाज वेगळे असतील. आईची हाक चालेल, मंदिरातली घंटा चालेल, शंभरदा ऐकलेलं गाणंही चालेल. ऐकताना व्हॉल्यूम सारखं ठेवा. मित्राला म्हणा, ‘तू बदल, मी डोळे मिटतो.’ इअरबड्समध्ये हे पूर्ण जमत नाही, कारण कानाला कुठला घातलाय ते कळतंच. तरी कंपनीचं नाव डोळ्यांसमोर नसलेलं बरं. आणि पहिल्या पाच मिनिटांत निकाल देऊ नका. भडक आवाज पहिल्यांदा भारी वाटतो आणि अर्ध्या तासानं त्रास देतो. शक्य असेल तर मित्राचे एक दिवस उसने घ्या, टोपी पुसून. सिद्धेश्वर तलावाला दोन फेऱ्या मारा, सिटी बसमध्ये बसा, घरी पंख्याखाली एक पॉडकास्ट पूर्ण ऐका. तुमचा दिवस जिथं जातो तिथं ऐका.

एक शेवटचं, आणि हे गमतीत घेऊ नका. जागतिक आरोग्य संघटना म्हणते, मोठ्यांसाठी ८० डेसिबल आवाज आठवड्याला ४० तास, ही सुरक्षित ऐकण्याची हद्द. आवाज वाढला की वेळ झपाट्यानं कमी होतो. टोपी नीट बसली, बाहेरचा गोंगाट अडला, तर व्हॉल्यूम आपोआप खाली येतं. म्हणून माझ्या लेखी चांगला इअरफोन तो, ज्याच्यावर मला व्हॉल्यूम वाढवावंसं वाटत नाही. इअरफोन दुसरा घेता येतो, कान नाही.

आजीचं काय झालं?

मी मूळ फाइल परत उघडली. यावेळी बड्स बाजूला ठेवले. आजीला शेजारी बसवलं, तिचं खरं बोलणं कानात घेतलं आणि मग एडिट केलं. जवळजवळ काहीच कापलं नाही. मग तीच फाइल चार ठिकाणी वाजवली: फोनच्या स्पीकरवर, दीडशे रुपयांच्या वायरच्या इअरफोनवर, माझ्या बड्सवर आणि आतेभावाच्या जडशीळ स्पीकरवर. चारही ठिकाणी बोलणारी बाई एकच वाटली, तेव्हा थांबलो.

ते इअरबड्स अजून आहेत माझ्याकडे. गाणी ऐकायला छान आहेत. रिव्ह्यू खरे होते, सांगितलं ना! फक्त आवाजाची कात्री हातात असते तेव्हा मी ते लावत नाही.

नवा भाग आजीला ऐकवला. ती काही बोलली नाही. विड्या मोजायची जुनी सवय आहे तिला, बोटं तशी हलत होती. शेवटाला आली तेव्हा म्हणाली, “कवळी नव्हती तवाचा आवाज हाय हा. ऱ्हाऊ दे तसाच.”

चला मंडळी, आज एवढंच. घरातल्या एखाद्या म्हाताऱ्या माणसाचा आवाज आजच रेकॉर्ड करून ठेवा. मूळ फाइल पुसू नका. भेटू पुढच्या भागात. तोवर ऐकत राहा, हळू आवाजात!